सूचनापेटी रिकामी का राहिली?

वाचकाचे पत्र

भोसरी एमआयडीसीत आमचा मशीनिंगचा (यंत्रावर धातूचे भाग कापून घडवण्याचा) कारखाना आहे. वडिलांनी १९८९ साली दोन लेथवर सुरुवात केली. आज संगणकावर चालणारी सोळा सीएनसी यंत्रे आहेत आणि ७० माणसे काम करतात, त्यांपैकी २८ कायम आणि ४२ ठेकेदाराची. बहुतेक काम इंजिनाच्या सुट्या भागांचे आहे. ग्राहक कंपनी दर वर्षी भाव कमी करून मागते, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढल्या तर यांतले काही भाग लागणारच नाहीत ही धास्ती वेगळीच. कारखान्यात सतत काही नवे सुचत राहावे म्हणून मी आठ महिन्यांपूर्वी सूचनापेटी लावली, इंग्रजीत फॉर्म छापून घेतले आणि उत्तम सूचनेला ५,००० रुपयांचे बक्षीस ठेवले. आजवर अकरा चिठ्ठ्या आल्या. सात चिठ्ठ्या पंखा, पिण्याचे पाणी आणि संडास यांबद्दल, दोन पगाराबद्दल आणि कामाबद्दल फक्त दोन. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका ऑपरेटरने जॉब (यंत्रावर घडवायचा भाग) पटकन बसावा म्हणून स्वतः एक स्टॉपर (जॉब ठरलेल्या जागी अडवणारा तुकडा) बनवला होता. आम्ही त्याचे कौतुक केले, ५०० रुपये दिले आणि त्या यंत्राचे तासाचे टार्गेट २२ वरून २७ केले. त्यानंतर त्यानेही काही सुचवलेले नाही. वडील म्हणतात, ‘माणसे काम करायला येतात, त्यांना काम करू द्या.’ मी बक्षीस वाढवावे, की दोन इंजिनिअर घेऊन स्वतंत्र आर अँड डी (संशोधन आणि विकास) विभाग काढावा?

– एक उद्योजिका, भोसरी

सप्रेम नमस्कार.

बक्षीस वाढवू नका आणि स्वतंत्र विभागही इतक्यात काढू नका. असे का म्हणतो, त्याचे कारण तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे, जे तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. ते वाक्य स्टॉपरचे आहे.

त्या ऑपरेटरच्या जागी उभे राहून हिशेब मांडून पाहा. जेवणाची सुट्टी वजा जाता साडेसात तासांत तो १६५ जॉब काढत असे. टार्गेट वाढल्यावर त्याला २०२ काढावे लागू लागले. म्हणजे रोज ३७ जॉब जास्त उचलायचे, क्लॅम्प करायचे, उतरवायचे, गेज लावून पाहायचे, तेही त्याच पगारात. आणि ज्या दिवशी फोर्जिंग (ठोकून घडवलेला कच्चा भाग) वाकडे आले किंवा इन्सर्ट (कापणारे पाते) लवकर गेला, त्या दिवशी आकडा का भरला नाही याचा जाबही त्यानेच द्यायचा. त्याच्या पदरात पडले ते एकदाच ५०० रुपये. शेजारच्या यंत्रावरच्या माणसाने हे सगळे पाहिले, दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला ते चहाच्या वेळी कळले, आणि डोके चालवले की काम वाढते ही गोष्ट आठवडाभरात सगळ्यांना ठाऊक झाली. तुमच्या मनात तसे काहीच नव्हते, हे मी जाणतो. कारखानदाराच्या दृष्टीने टार्गेट वाढवणे हा सरळ हिशेब असतो, आणि वर्षाच्या अखेरीस ग्राहकाला भाव उतरवून द्यायचा असताना तर तो मोह आवरणे फार अवघड जाते. पण तासाच्या त्या पाच जादा जॉबच्या बदल्यात तुमच्या हातून काय गेले, हे आज आठ महिन्यांची रिकामी पेटी सांगते आहे.

तुमच्या लोकांना काही सुचत नाही, यावर माझा विश्वास नाही. सुचलेले ते तुमच्यापर्यंत येऊ देत नाहीत, इतकेच. मी स्वतः पिंपरीच्या एका कारखान्यात बरीच वर्षे प्रॉडक्शन पाहिले. तिथला एक ऑपरेटर निवृत्त झाला त्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला आणि कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेली एक वस्तू त्याने माझ्यापुढे ठेवली. बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा, एका तोंडाला पितळेची पट्टी ब्रेझ केलेली, धरायच्या जागी वापरून वापरून गुळगुळीत झालेला. जॉब चकमध्ये (यंत्राच्या पकडीत) धरताना या तुकड्याने मागे दाबला की तो सपाट बसायचा आणि तो सरळ बसला का हे डायल लावून पाहण्याची गरजच उरायची नाही. अकरा वर्षे त्याने तो वापरला होता आणि रोज संध्याकाळी खिशात घालून घरी नेला होता. ‘आता पुढच्या पोराला उपयोगी पडेल,’ एवढेच तो म्हणाला. त्या खात्याचा प्रमुख अकरा वर्षे मी होतो. तशाच चार यंत्रांवर बाकीची माणसे रोज डायल लावत बसली होती, आणि हे मला ठाऊक व्हावे असे त्याला एकदाही वाटले नाही, कारण ठाऊक झाल्यावर मी काय करेन हे त्याला नीट ठाऊक होते.

म्हणून पहिले काम पेटीचे नाही. पहिले काम दोन गोष्टी कायमच्या ठरवून, मराठीत आणि हिंदीत लिहून, तुमच्या आणि वडिलांच्या सहीने बोर्डावर लावण्याचे आहे. ऑपरेटरने स्वतः केलेल्या सुधारणेमुळे वेळ वाचला तर त्या यंत्राचे टार्गेट निदान एक वर्ष बदलणार नाही. वर्षानंतर बदलायचे झाल्यास त्याच्याशी बसून बदलेल आणि वाढलेल्या उत्पादनातला ठरलेला वाटा त्याच्या पगारात दर महिन्याला दिसेल. आणि कोणाच्याही सूचनेमुळे एकाही माणसाचे काम जाणार नाही, मग तो कायम असो वा ठेकेदाराचा. सुधारणेमुळे मोकळ्या झालेल्या माणसाला दुसरे काम दिले जाईल. दुसरे वचन पहिल्यापेक्षा महाग आहे. मंदीच्या महिन्यात ते पाळणे तुमच्या जिवावर येईल, म्हणून आधी स्वतःशी आणि वडिलांशी बोलून पक्के करा आणि मगच लिहा, कारण लिहून मोडलेले वचन न दिलेल्या वचनापेक्षा जास्त नुकसान करते.

सूचनायोजनांच्या इतिहासात टोयोटाचे नाव नेहमी घेतले जाते, पण तिच्या आरंभाची हकिगत सहसा कोणी सांगत नाही. १९५० मध्ये ही कंपनी बुडायच्या बेताला आली होती, कामगारकपातीवरून मोठा संप झाला होता आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले होते. त्याच वर्षी त्यांचे चुलतभाऊ एइजी टोयोडा फोर्डचा कारखाना पाहायला अमेरिकेला गेले, तिथली सूचनायोजना त्यांनी पाहिली आणि १९५१ मध्ये टोयोटाने आपली योजना सुरू केली. पेटी फोर्डकडूनच आली होती. ती फोर्डपेक्षा टोयोटात जास्त रुजली याचे मोठे कारण, संपाचा तो कडवट अनुभव घेतल्यावर कंपनीने आपल्या कायम कामगारांची नोकरी जवळजवळ पवित्र मानली. ज्याला उद्याची खात्री आहे तोच आपले काम कमी करण्याची युक्ती मोकळेपणाने सांगतो.

आता त्या सात चिठ्ठ्यांकडे वळतो. पत्राच्या सुरावरून वाटते की पंखा, पाणी आणि संडास हे विषय पाहून तुमची निराशा झाली. माझ्या मते आठ महिन्यांत तुम्हाला मिळालेली सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, कूलंटच्या वाफेत, ज्याच्या अंगावर पंख्याचा वारा पोहोचत नाही तो माणूस यंत्राची फेरी (सायकल) चालू झाली की त्यापासून दूर जाऊन उभा राहतो. टूल घासल्याचा आवाज बदलतो तेव्हा तो तिथे नसतो. तुम्हाला ज्या निरीक्षणातून नव्या कल्पना हव्या आहेत, ते निरीक्षण तिथेच संपते. शिवाय या चिठ्ठ्या एक परीक्षाही आहेत. लिहिल्यावर काही घडते का, हे माणसे आधी साध्या, ज्यात स्वतःला काही गमवायचे नाही अशा गोष्टीवर पाहून घेतात आणि मग पुढचे बोलतात. तुम्ही सात वेळा उत्तर दिलेले नाही. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, पंखे ज्याने चिठ्ठी लिहिली त्याच्याकडूनच जागा विचारून बसवून घ्या, पाण्याची टाकी धुवून घ्या, आणि संडासाच्या दुरुस्तीला तीन आठवडे लागणार असतील तर तीन आठवडे लागतील असे तारखेसह बोर्डावर लिहा. पगाराच्या दोन चिठ्ठ्यांनाही उत्तर द्या. ते ‘या वर्षी शक्य नाही, कारण हे’ असे असले तरी चालेल.

पेटी काढून टाका, अशीच माझी शिफारस आहे. कुलूप लावलेल्या पेटीत टाकलेली चिठ्ठी कधी उघडली, कोणी वाचली, हे कोणालाच कळत नाही. तिच्या जागी प्रत्येक ओळीच्या टोकाला एक पांढरा फळा लावा. त्यावर सूचना, नाव, तारीख आणि उत्तर असे चार रकाने असू द्या, आणि तीन कामाच्या दिवसांत उत्तराचा रकाना भरलाच पाहिजे असा नियम करा. नकार असेल तर त्याचे कारण लिहा. माणसे नकाराने तितकी दुखावत नाहीत जितकी ती अनुत्तरित राहिल्याने दुखावतात. इंग्रजी फॉर्म तर आजच रद्द करा. तुमच्या ऑपरेटरांत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली मुले असतील, त्यांतली अनेक आयटीआय झालेली असतील, पण आपल्या हातातली युक्ती इंग्रजीच्या चौकटीत बसवून लिहिणे इंजिनिअरलाही सोपे जात नाही. त्यांनी तोंडी सांगावे, सुपरवायझरने मोबाइलवर फोटो काढावा, आणि लिहिण्याचे काम कार्यालयाने करावे. जमेल तिथे सूचना ज्याची त्यानेच ती टूलरूमच्या मदतीने करून पाहावी. बक्षीस ठेवायचेच असेल तर ते लहान आणि प्रत्येक अमलात आलेल्या सूचनेला सारखे असू द्या. एका ‘उत्तम’ सूचनेचे ५,००० रुपये बाकीच्या दहा जणांना हेच सांगतात की तुमची सूचना कमी पडली.

या साऱ्यात सर्वांत नाजूक माणूस सुपरवायझर आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. ऑपरेटर ‘साहेब, हा क्लॅम्प उलटा लावून पाहू का?’ असे ज्याला विचारतो तो सुपरवायझर. त्या क्षणी त्याच्या डोक्यात दुपारी तीनला सुटणारा टेम्पो असतो आणि संध्याकाळी तुम्ही त्याला विचारणार असलेला आकडा असतो. तो ‘नंतर बघू’ म्हणतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. तुम्ही त्याला रोज काय विचारता ते बदला. रोजच्या आकड्याबरोबरच ‘आज काय करून पाहिले?’ हेही विचारा, आणि आठवड्यातून दोन तास एक यंत्र प्रयोगासाठी मोकळे सोडल्याबद्दल त्याचा आकडा तितका कमी धरा. हे दोन तास नियोजनात छापलेले असले पाहिजेत. वेळ मिळेल तेव्हा, असे ठरवले तर तो कधीच मिळत नाही.

त्या दोन तासांत काही टूल मोडतील, काही जॉब वाया जातील. ते कसे घेतले जाते यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. रिजेक्शन (मापात न बसलेला, नापास माल) निघाले की ओरडा बसतो अशा कारखान्यात रिजेक्शन कमी होत नाही, ते चिपच्या (धातूच्या कातरणीच्या) ढिगाखाली जाते. चिपची ट्रॉली भंगारात रिकामी होताना तिच्यातून पूर्ण झालेले, मिलिमीटरच्या फक्त दोन-तीन शतांशांनी मापाबाहेर गेलेले जॉब निघालेले मी पाहिले आहेत. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चमूंत चुका कमी आढळतील अशी तिची अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले. पुढे उलगडा झाला तो असा की चांगल्या चमूंत चुका जास्त होत नव्हत्या, तर त्या जास्त सांगितल्या जात होत्या, कारण सांगणाऱ्याला भीती नव्हती. तुमच्याकडे फळा लागल्यावर पहिले काही महिने नोंदलेले रिजेक्शन वाढेल. त्या वेळी घाबरून जाऊ नका आणि वडिलांनाही आधीच कल्पना देऊन ठेवा. टाटा समूह प्रामाणिकपणे करून पाहिलेल्या पण न साधलेल्या प्रयत्नांनाही पुरस्कार देतो. सत्तर माणसांच्या कारखान्यात पुरस्काराची गरज नाही. मोडलेले टूल हातात घेऊन ‘कसे मोडले, दाखव’ असे तुम्ही शांतपणे विचारले तरी पुरे.

वडिलांच्या म्हणण्याला मी हलके लेखत नाही. दोन लेथवरून सोळा यंत्रांपर्यंत आलेला माणूस कामाची किंमत जाणतो. पण त्यांना एक गोष्ट सांगून पाहा. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी, भांडणे आणि खराब गाड्या यांसाठी तो इतका बदनाम होता की कंपनीने १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत नुम्मी या नावाने तो पुन्हा उघडला. बहुसंख्य कामगार तेच घेतले गेले, त्यांची युनियनही तीच होती. फरक इतकाच की आता काही चुकते आहे असे दिसले तर डोक्यावरची दोरी ओढण्याचा अधिकार प्रत्येकाला मिळाला, आणि दोरी ओढली की त्याचा टीम लीडर धावत येऊन ‘काय झाले?’ असे विचारू लागला. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जनरल मोटर्सच्या उत्तम गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या आणि गैरहजेरी कमालीची घटली. या दोरीचे मूळ किइचिरो यांचे वडील साकिची टोयोडा यांच्या मागात आहे. धागा तुटला की तो माग आपोआप थांबत असे. तुटका धागा घेऊन पुढे विणत गेलेल्या कापडाचे काय होते, हे इचलकरंजीच्या कोणत्याही विणकराला सांगावे लागणार नाही. वडिलांना असेही विचारा की सुरुवातीच्या वर्षांत फिक्स्चरला (जॉब धरायच्या साधनाला) पैसे नव्हते तेव्हा त्यांनी स्वतः काय काय जुळवून काम भागवले. मला खात्री आहे की ते तासभर बोलतील. ते बोलणे त्यांनी शॉपफ्लोअरवर, ऑपरेटरांसमोर, फसलेल्या प्रयत्नांसह करावे.

स्वतंत्र विभागाबद्दल थोडे. दोन इंजिनिअर वरच्या मजल्यावर बसवले की नवे सुचणे हे त्यांचे काम होते, आणि बाकीच्या सत्तर जणांचे काम ते न सुचणे हे होते. थ्रीएम ही अमेरिकन कंपनी सुरुवातीच्या काळात सँडपेपर विकत असे. तिचा रिचर्ड ड्रू नावाचा एक तरुण सँडपेपरचे नमुने घेऊन मोटारी रंगवणाऱ्या एका गॅरेजमध्ये गेला. दोन रंगांच्या गाडीवर चिकटवलेला कागद काढताना रंगही निघून येतो, म्हणून तिथला रंगारी वैतागलेला त्याने पाहिला. त्यातून १९२५ मध्ये मास्किंग टेप आली, आणि ती येण्यापूर्वी वरिष्ठांनी त्याला हा नाद सोडून आपल्या कामाला लागायलाही सांगितले होते. कंपनीचे प्रमुख विल्यम मॅकनाइट यांनी यातून धडा घेतला, आणि पुढे तंत्रज्ञांना आपल्या वेळेचा १५ टक्के भाग स्वतःच्या कल्पनांना देता येईल अशी प्रथा तिथे पडली. इतका वेळ तुम्हाला परवडणार नाही, पण ड्रूचा गॅरेजपर्यंतचा प्रवास परवडेल. ग्राहक कंपनीच्या परवानगीने दर महिन्याला तुमचे दोन ऑपरेटर आणि एक सुपरवायझर त्यांच्या असेंब्ली लाइनवर पाठवा. आपण चकाकी आणण्यासाठी झिजतो तो पृष्ठभाग पुढे गॅस्केटखाली झाकला जातो, आणि आपण ज्याकडे पाहत नाही त्या कडेला उरलेल्या धारदार कंगोऱ्यामुळे (बरमुळे) तिथल्या माणसाचा हातमोजा फाटतो, हे डोळ्यांनी पाहिलेला ऑपरेटर परत येतो तेव्हा तो वेगळे प्रश्न विचारतो. विजेच्या गाड्यांत मोटरची बाहेरची आवरणे (हाउसिंग), शाफ्ट आणि थंड ठेवणाऱ्या प्लेटा यांचे मशीनिंग लागतेच, आणि ॲल्युमिनियमचे पातळ जॉब वाकू न देता कसे धरायचे हा त्यातला मोठा प्रश्न असतो. जॉब कसा धरावा, हे तुमच्या कारखान्यात सर्वांत चांगले कोणाला कळते, हे तुम्हीच पत्रात लिहिले आहे.

ठेकेदाराच्या ४२ माणसांबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे, जरी ते तुम्हाला आवडणार नाही. सात महिने भरत आले की ब्रेक देऊन माणूस बदलण्याची रीत तुमच्याकडेही असेल तर यंत्राची नस हाताला कळू लागते नेमके तेव्हा तो माणूस निघून जातो. ज्याला दिवाळीपर्यंत इथे राहू की नाही हे माहीत नाही, त्याने पुढच्या वर्षीच्या फायद्याची गोष्ट का सांगावी? सगळ्यांना एकदम कायम करा, असे मी म्हणत नाही. खर्चाचे गणित मला कळते. पण दर वर्षी पाच-सहा जण, सूचना आणि कौशल्य पाहून, कंपनीच्या हजेरीपटावर घ्या आणि ही वाट खुली आहे हे जाहीर करा. ५,००० रुपयांच्या बक्षिसापेक्षा याचा परिणाम कितीतरी मोठा होईल.

पहिले तीन महिने फळ्यावर पुन्हा पाणी आणि पंखेच दिसतील. ते दिसू द्या आणि उत्तरे देत राहा.

या सगळ्याआधी मात्र त्या स्टॉपरवाल्या ऑपरेटरकडे जा. त्याला केबिनमध्ये बोलावू नका. तो दुसऱ्या शिफ्टला असेल त्या दिवशी, सहानंतर, कार्यालयातली माणसे गेल्यावर त्याच्या यंत्रापाशी जाऊन उभ्या राहा आणि ‘टार्गेट वाढवले ते आमचे चुकले, या महिन्यापासून ते पुन्हा २२ आहे’ असे सरळ सांगा. तीन वर्षांच्या जादा कामाचे काय द्यायचे, तेही ठरवूनच जा. तो बहुधा ‘ठीक आहे मॅडम’ म्हणून पुढचा जॉब लावेल. तरी दहा मिनिटे तिथेच थांबून तो जॉब कसा लावतो ते पाहा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.